बंदुकीचा नंबर आणि अॅट्रॉसिटीचा विसरलेला नियम

अॅड.

निवडणूक जाहीर झाली की परवानाधारकांच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा होऊ लागतात. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत काय किंवा खेड्यातल्या पाटलाच्या वाड्यात काय, आजोबांची विलायती बंदूक हा अभिमानाचा विषय असतो. पण जमा करताना पोलिसांनी पाहायचे असते ते घराणे नव्हे, तर त्या लोखंडावर ठोकलेला नंबर. हा नंबर आपल्या समाजाच्या सुरक्षिततेशी कसा जोडलेला आहे, हे कार्यकर्त्यांनी समजून घेण्याची गरज आहे.

शस्त्र कायदा १९५९ चे कलम ८ स्पष्ट आहे. बंदुकीवरील कारखानदाराचे नाव, नंबर किंवा ओळखचिन्ह कोणी खोडू, बदलू वा बनावट करू शकत नाही. अशी खूण नसलेली बंदूक विकता किंवा हस्तांतरित करता येत नाही. ज्याच्या ताब्यात नंबर खोडलेली बंदूक सापडेल त्यानेच तो खोडला, असे कायदा गृहीत धरतो. तसे नाही हे त्यानेच सिद्ध करायचे असते.

खासगी माणसाला परदेशातून बंदूक आणणे ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून जवळजवळ बंद झाले. त्यामुळे लोकांकडची बहुतेक विलायती शस्त्रे जुनी आहेत आणि अनेक हातांतून गेलेली आहेत. इंग्लंडमध्ये बनलेल्या बंदुकीच्या नळीवर लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहाचा ठसा असतो. ली-एन्फिल्ड .३०३ रायफलीवर नंबर रिसिव्हरवर म्हणजे मुख्य लोखंडी सांगाड्यावर असतो आणि तोच बोल्टच्या मुठीवरही असतो. बोल्ट काढता येतो, बदलता येतो. म्हणून पंचनाम्यात नुसते ‘एक जुनी रायफल’ असे लिहून भागत नाही. कोणत्या भागावर कोणता नंबर आहे, दोन्ही जुळतात की नाही, हे लिहिले पाहिजे. नंबर घासला तरी आशा संपत नाही. ठसा मारताना खालचा धातू दबलेला असतो. प्रयोगशाळेत आम्ल लावल्यावर अनेकदा अंक पुन्हा दिसतात.

चोरून आलेल्या शस्त्रांबाबतही हेच. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांपूर्वी रायगडच्या दिघी आणि शेखाडी किनाऱ्यावर शस्त्रे व स्फोटके उतरली. त्या प्रकरणातली एके-५६ ही चिनी बनावटीची रायफल. अशा अनेक रायफलींच्या डाव्या बाजूला त्रिकोणात ६६ हा कारखान्याचा आकडा दिसतो. तिचा जन्म कुठे झाला हे तो आकडा सांगतो. याउलट गावठी पिस्तुलाला ना बाप ना गाव. कॉ. गोविंद पानसरे यांच्यावर १६ फेब्रुवारी २०१५ रोजी आपल्याच कोल्हापुरात गोळ्या झाडल्या गेल्या आणि २० फेब्रुवारीला त्यांचे निधन झाले. तिथे तपासाला रिकाम्या काडतुसांवरच्या खुणांचा आधार घ्यावा लागला.

आता मूळ मुद्दा. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंध नियम १९९५ मधील नियम ३ किती जणांनी वाचला आहे? अत्याचार होण्याची शक्यता असलेली क्षेत्रे शासनाने निश्चित करायची आहेत. गरज वाटल्यास तेथील अनुसूचित जाती-जमातीबाहेरच्या व्यक्तींचे, त्यांच्या जवळच्या नातेवाइकांचे, नोकरांचे आणि कौटुंबिक मित्रांचे शस्त्र परवाने रद्द करून ती शस्त्रे सरकारी शस्त्रागारात जमा करायची आहेत. बेकायदा शस्त्रे जप्त करायची आहेत. आणि गरज असल्यास अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना शस्त्र परवाने द्यायचे आहेत.

नोकर आणि मित्र हे शब्द उगाच आलेले नाहीत. गावगाड्यात बंदूक मालकाच्या नावावर असते, खांद्यावर गड्याच्या असते. उद्या गुन्हा घडला तर मालक हात वर करतो आणि कलम ८ चे गृहीतक ज्याच्या ताब्यात बंदूक सापडली त्या गरीब गड्याच्या मानगुटीवर बसते. आजचा परवाना क्रमांक माणसाची ओळख सांगतो, शस्त्राची नाही. हात बदलले तरी बदलत नाही तो फक्त लोखंडावरचा नंबर. तो परवान्याशी जुळवून पाहिला नाही, तर ‘शस्त्रे जमा केली’ हा सरकारी अहवाल म्हणजे कागदी घोडा.

मग करायचे काय? माहिती अधिकार कायदा २००५ खाली जिल्हाधिकारी कार्यालयाला विचारा: जिल्ह्यात कोणती क्षेत्रे अत्याचारप्रवण ठरवली, नियम ३ खाली किती परवाने रद्द झाले, किती शस्त्रे जमा झाली, आपल्या लोकांचे किती अर्ज आले आणि किती मंजूर झाले. कोणाचे नाव मागू नका, आकडे मागा. नियम १७ प्रमाणे जिल्हा दक्षता व नियंत्रण समितीची बैठक तीन महिन्यांतून एकदा तरी झालीच पाहिजे. तिथे हा विषय लावून धरा. अत्याचाराच्या गुन्ह्यात बंदूक दाखवली गेली असेल, तर फिर्यादीत तसे लिहून घ्या. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती व जप्तीचे चित्रीकरण बंधनकारक आहे. त्यात नंबर स्पष्ट दिसला पाहिजे, असा आग्रह धरा.

आपल्याला बंदुकीचे राज्य नको, कायद्याचे राज्य हवे आहे. बाबासाहेबांनी आपल्या हाती संविधान दिले. त्याखाली झालेला नियम तीस वर्षे फायलीत पडून राहत असेल, तर तो बाहेर काढण्याची जबाबदारी आपली आहे. पहिला अर्ज याच आठवड्यात गेला पाहिजे.