वार्षिक आकड्याआड दडलेला पगार

नोकरी देऊ करणाऱ्याने वेतनाचा जो आकडा सांगावा, त्यातले आपल्या हाती दरमहा किती पडणार हे उमेदवाराला त्याच कागदावरून कळावे, ही अपेक्षा इतकी साधी आहे की ती मागणी म्हणून मांडावी लागणे हेच आजच्या नोकरव्यवहाराचे मोठे वैगुण्य होय. नागपूर-अमरावतीकडून कलकत्त्याच्या सॉल्ट लेकमधील सेक्टर फाइव्हमध्ये नोकरीस जाणाऱ्या आमच्या तरुणाला बारा लाखांचे ‘पॅकेज’ मिळाले, की घरी त्याला बाराने भागून दरमहा लाखाचा हिशेब मांडला जातो. त्या भरवशावर भाड्याच्या घराची अनामत, धाकट्या भावंडाची फी आणि कर्जाचा हप्ता ठरतो. आणि बँकेत जमा झालेली पहिली रक्कम पाहून सारा दोष प्राप्तिकरावर ढकलला जातो.

वस्तुतः या प्रकरणी प्राप्तिकर निर्दोष आहे. बारा लाखांत मूळ वेतन सहा लाख धरू. भविष्य निर्वाह निधीतील मालकाचा 12 टक्के हिस्सा, म्हणजे 72,000 रुपये, आणि ग्रॅच्युइटीची 4.81 टक्के तरतूद, म्हणजे 28,860 रुपये, आरंभीच वगळले की 10,99,140 उरतात. त्याचे दरमहा 91,595. त्यातून कामगाराचा स्वतःचा निर्वाह निधी 6,000 आणि पश्चिम बंगालचा व्यवसाय कर 200 वजा होता हातात येतात 85,395 रुपये. 2025-26 च्या नव्या करप्रणालीत 75,000 रुपयांची प्रमाणित वजावट घेतल्यावर करपात्र उत्पन्न बारा लाखांच्या आत राहते, म्हणून सरकारजमा होणारा प्राप्तिकर शून्य! दुसऱ्या कंपनीने तेच बारा लाख आणि तेच मूळ वेतन देऊन निर्वाह निधीची वर्गणी मात्र 15,000 रुपयांच्या वैधानिक वेतनमर्यादेवरच भरली, तर हाती 93,795 रुपये पडतात. आकडा एकच, पण महिन्याकाठी फरक 8,400 रुपयांचा.

निर्वाह निधी हा कामगाराचाच संचय आहे आणि म्हातारपणी तोच आधार होतो, हे मी नाकारीत नाही. तो बुडीत खात्यात गेला असे कोणी समजू नये. परंतु ग्रॅच्युइटी सामान्यतः पाच वर्षांच्या सलग सेवेनंतरच पदरात पडते, आणि दोन-तीन वर्षांत नोकरी बदलणाऱ्या तरुणाला ती रक्कम वेतन म्हणून दाखवणे हे सत्याला धरून नाही. शिवाय मालकाने आपला हिस्सा कामगाराच्या वेतनातून कापू नये असा निर्वाह निधीच्या योजनेत स्पष्ट दंडक असताना, तोच हिस्सा आधी वेतनाच्या आकड्यात मिळवून मग वगळण्याची रीत त्या दंडकाच्या अक्षराला जपून त्याच्या हेतूला बगल देते.

ज्या कलकत्त्यात 1860 साली जेम्स विल्सनने हिंदुस्थानचा पहिला प्राप्तिकर आणला, तेथेच हा प्रश्न मांडणे मला विशेष समर्पक वाटते. परकी सत्तेने लादलेल्या त्या करातही 200 ते 500 रुपये वार्षिक उत्पन्नावर 2 टक्के आणि त्यावरील उत्पन्नावर 4 टक्के असा दर उघड लिहिलेला होता. देणाऱ्याला निदान काय द्यायचे हे तरी ठाऊक होते. पुढे बंगालमध्येच वाढलेले मराठी वंशाचे सखाराम गणेश देऊस्कर यांनी 1904 मध्ये ‘देशेर कथा’ लिहून देशाच्या आर्थिक लुटीचा हिशेब सामान्य वाचकाला कळेल अशा बंगालीत मांडला, आणि सरकारने 1910 साली तो ग्रंथ जप्त केला. हिशेब लोकांना समजणे म्हणजे सत्तेची निम्मी पकड ढिली होणे, हे त्या सरकारला नीट उमगले होते.

म्हणून माझे मागणे एवढेच आहे की, प्रत्येक नेमणूकपत्रात वार्षिक आकड्याशेजारीच मालकाचे अंशदान, कामगाराची कपात, व्यवसाय कर, अंदाजे प्राप्तिकर आणि दरमहा हाती पडणारी निव्वळ रक्कम हे रकाने कायद्याने सक्तीचे व्हावेत. पगारपत्रक तयार करणाऱ्या कचेरीला हे गणित नेमणुकीच्या दिवशीच ठाऊक असते, तेव्हा ते सांगण्यास तिला कोणताही नवा खर्च नाही. तोवर आपल्या मुलामुलींनी राजीनामा देण्यापूर्वी नव्या मालकाला लेखी विचारावे : सर्व वजाती होऊन महिन्याला माझ्या खात्यात किती जमा होतील? हे विचारण्यात संकोच वा उद्धटपणा मुळीच नाही. श्रमाचे मोल ठरवण्याचा तो पहिला हक्क आहे.