तीन मतांची किंमत

विरारच्या विजयनगरमधील कोसळलेल्या रमाबाई अपार्टमेंटचा ढिगारा उपसून झाला. १७ माणसे गेली. ज्या चिमुरडीचा पहिला वाढदिवस त्याच रात्री साजरा झाला, तीही त्यांत होती. विकासकाला अटक झाली, वारसांना पाच लाख जाहीर झाले, चौकशीही होईल. इमारत काही ब्रिटिशकालीन नव्हे, दहा-पंधरा वर्षांपूर्वीची. ती अनधिकृत होती, असे महापालिका आता सांगते. मग ती उभी राहत असताना तिथे राज्य कोणाचे होते? वसई-विरारमध्ये हे शेंबडे पोरही सांगेल.

हितेंद्र ठाकूर, अर्थात आप्पा. १९९० साली समाजवाद्यांच्या वसईत काँग्रेसतर्फे निवडून आले, मग काँग्रेस सोडून स्वतःची आघाडी उभी केली आणि एकूण सहा वेळा विधानसभा गाठली. मुलगा क्षितिज नालासोपाऱ्यातून तीनदा आमदार. २००९ मध्ये आघाडीचे बळीराम जाधव पालघरमधून थेट लोकसभेत. त्याच वर्षी चार नगरपालिका आणि गावे एकत्र करून महापालिका झाली. ‘महापालिकेत आमची गावे नकोत’ म्हणत हरित पट्ट्यातले गावकरी रस्त्यावर उतरले, पण त्यांना कोण विचारतो? २०१५ मध्ये पालिकेतल्या ११५ जागांपैकी शंभरहून अधिक जागा ठाकुरांच्या बहुजन विकास आघाडीच्या. विरोधी पक्ष नावापुरताच उरला. दुसरीकडे ठाकूर कुटुंबाचा ‘विवा’ समूह बांधकाम व्यवसायात. रमाबाई अपार्टमेंट त्यांनी बांधली नाही, हे मान्य. पण ज्या घरात शहराची सत्ता होती त्याच घरात बांधकामाचा धंदाही होता, तिथे कोणते बांधकाम वैध आणि कोणते अवैध हे आम्हाला कळत नव्हते, असे म्हणण्याची सोय राहत नाही.

नालासोपाऱ्याची अग्रवाल नगरी आठवा. सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखीव असलेल्या जागेवर ४१ इमारती चढल्या. एक नाही, दोन नाही, ४१! त्यांना रस्ते मिळाले, वीज मिळाली, मतदारयादीत नावेही लागली. त्या प्रकरणात अटक झालेल्यांत आघाडीचाच एक माजी नगरसेवक आहे. उच्च न्यायालयाच्या आदेशाने त्या पाडल्या गेल्या, तेव्हा रस्त्यावर आली ती आयुष्यभराची कमाई घालून घर घेणारी कुटुंबे. ज्यांच्या डोळ्यांदेखत मजल्यावर मजला चढला ते घरीच होते.

२०२० च्या जूनमध्ये पालिकेची मुदत संपली, तेव्हापासून प्रशासक होता, हे आघाडी सांगणारच. खरेच आहे ते. पाच वर्षे निवडणूक न घेता महापालिका आयुक्ताच्या हाती सोडणे ही राज्य सरकारची निर्लज्ज सोय होती. नगररचना विभागाच्या उपसंचालकाच्या घरातून ईडीने कोट्यवधींची रोकड आणि हिरे जप्त केले, माजी आयुक्तही बांधकाम घोटाळ्याच्या आरोपांखाली अटकेत गेले. पण प्रशासकाच्या काळात खाबूगिरी झाली, म्हणून आधीची दहा वर्षे धुतली जात नाहीत.

मंत्रालयाने आप्पांना कधी जाब का विचारला नाही, याचे उत्तर तीन मतांत आहे. वसई, नालासोपारा आणि बोईसरचे आघाडीचे तीन आमदार. २०१९ मध्ये ही मते उद्धव ठाकरे यांच्या विश्वासदर्शक ठरावाला मिळाली. २०२२ मध्ये एकनाथ शिंदेंच्या ठरावालाही तीच मिळाली. राज्यसभा आणि विधान परिषदेच्या निवडणुकांवेळी दोन्ही बाजूंचे नेते विरारची वाट तुडवत होते. तीन मते ज्याच्या मुठीत त्याच्या शहरातली बांधकामे मोजायला कोण जाणार? ही तीन मते सगळ्यांनाच हवी होती आणि वसईचा हिशेब मागायचा राहून गेला. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिन्ही जागा गेल्या. स्वतः आप्पा जेमतेम तीन हजार मतांनी पडले. त्यानंतरच अनेकांना अचानक वसईतले गैरकारभार दिसू लागले. त्या दिव्यदृष्टीचे आम्हाला कौतुक नाही. बोईसरला जिंकलेले विलास तरे हे आघाडीचेच जुने आमदार, आता शिंदेसेनेत. माणसे तीच, झेंडा दुसरा.

हे काही एकट्या वसईचे दुखणे नाही. २०१३ मध्ये शीळफाट्याला इमारत कोसळून ७४ जण मेले. २०२० मध्ये भिवंडीत जिलानी इमारत कोसळली. त्या दोन दुर्घटनांच्या मधल्या काळात सरकारने काय केले, तर २०१५ पर्यंतची अनधिकृत बांधकामे नियमित करण्याचा कायदा केला! मुंबईत घर परवडत नाही म्हणून माणूस लोकलला लटकून विरार गाठतो आणि मिळेल ते छप्पर घेतो. त्याच्या या अगतिकतेवर गावोगावचे भाऊ, दादा आणि आप्पा निवडून येतात.

चौकशी करायचीच असेल तर समिती नको. २०१० पासूनच्या प्रत्येक अनधिकृत इमारतीपुढे त्या वेळचा प्रभागातला सहायक आयुक्त, नगररचना अधिकारी, नगरसेवक आणि आमदार यांची नावे लिहून यादी पालिकेच्या दारावर लावा. कागद पालिकेच्या कपाटातच आहेत. आघाडीने ती यादी केली नाही आणि प्रशासकानेही केली नाही. आता भाजप आणि शिंदेसेनेचे तीन आमदार ती मागतात का, एवढेच पाहायचे आहे.