पडीक ताली आणि गुरांची चराई

भोर व वेल्हे भागांतील डोंगरउतारांवर आपल्या पूर्वजांनी ताली रचून नाचणी-वरईची शेते केली. पुढे घरची माणसे पोटापाण्यासाठी पुण्या-मुंबईस गेली, बैल कमी झाले आणि वरच्या अंगाची अनेक शेते पड राहिली. आता तेथे गुरे चरतात. या चराईस सरसकट दोष देणे माझ्या मते योग्य नव्हे. खरे नुकसान होते ते अवेळी चराईने.

आषाढ-श्रावणात माती भिजलेली असते. तेव्हा खुरांनी तालीचे दगड सुटतात, गुरांच्या वाटेची घळ बनते. वरची एक ताल फुटली की पाणी खालच्या ताली फोडीत भातखाचरांत दगडगोटे आणून टाकते. पड एकाची, नुकसान दुसऱ्याचे! शिवाय कोवळेपणीच खाल्ल्याने मारवेल, पवन्या ही सकस गवते हटतात व कुसळी माजते.

उलटपक्षी, चराई कायमची बंद केल्यास वाळके गवत साचून वणव्यास खाद्य मिळते, आणि झुडपांची मुळे तालीत शिरून दगड ढिले करतात. शिवाय भूमिहीन गुराख्याने गुरे न्यावीत कोठे?

म्हणून गावाने एकत्र बसून ठरवावे. पावसाळ्यात पडीक ताली बंद ठेवाव्यात व गवत कापून गोठ्यात घालावे. त्यात गुराख्याचा वाटा असावा. दिवाळीनंतर, जमीन वाळल्यावर, गुरे सोडावीत. जो चारील त्याने उन्हाळ्यात ढासळलेले दगड पुन्हा रचावेत. परगावच्या जमीनमालकाची संमती मिळविण्याचे काम ग्रामकार्यकर्त्यांनी अंगावर घ्यावे. ताल टिकली, तरच उद्या परतणाऱ्यास शेत मिळेल.