अचूक नेमबाजीचा कच्चा पाया

भारतीय लष्कराने २०१८ मध्ये सुमारे ५,७०० स्नायपर रायफली आणि त्यांच्यासाठी एक कोटीहून अधिक काडतुसे खरेदी करण्याची निविदा काढली. पुढच्याच वर्षी ती मागे घ्यावी लागली. त्या वेळच्या वृत्तांनुसार रायफली देणारे उत्पादक होते. घोडे अडले ते प्रामुख्याने काडतुसांपाशी. दरम्यान, नियंत्रण रेषेवरील निकड भागवण्यासाठी २०१९ मध्ये अमेरिकी बॅरेट आणि इटालियन बेरेटा कंपनीच्या रायफली मर्यादित संख्येने आल्या; त्यानंतर फिनलंडची साको टीआरजी-४२ आली. तातडीची गरज काही अंशी भागली. मात्र अचूक नेमबाजीची रायफल निवडताना नेमके काय निवडायचे असते, हा धोरणाचा मूळ प्रश्न तसाच राहिला.

हा प्रश्न समजून घेण्यासाठी थोडा तांत्रिक तपशील आवश्यक आहे. बोल्ट-अॅक्शन रायफलीत प्रत्येक गोळीनंतर बोल्ट हाताने मागे ओढून पुन्हा पुढे ढकलावा लागतो. वेग कमी, पण हलणारे भाग मोजके. म्हणून अचूकता टिकवणे सोपे. अशा रायफलीचे सर्वांत टिकाऊ अंग म्हणजे बोल्ट ज्यात बसतो तो रिसीव्हर. त्याला जोडलेली नळी काही हजार गोळ्यांनंतर झिजते व बदलावी लागते. दस्ता, चाप, दुर्बीण, आवाज दाबणारे उपकरण हे सारे गरजेनुसार बदलता येते. रिसीव्हरच्या लांबीने मात्र उद्या कोणते काडतूस वापरता येईल याची मर्यादा आजच आखली जाते. म्हणून जाणकार रायफल निवडतात तेव्हा प्रत्यक्षात ते एक पाया निवडत असतात, ज्यावर पुढची वीस-तीस वर्षे बांधकाम होत राहील.

याचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकी लष्कराचे आहे. १९८८ मध्ये त्याने स्वीकारलेली एम-२४ ही रायफल १९६२ च्या रेमिंग्टन ७०० या शिकारी व क्रीडा नेमबाजांच्या नागरी रायफलीवर आधारलेली होती. ती ७.६२ मिमी नाटो काडतूस वापरे. त्या काडतुसाला आखूड रिसीव्हर पुरला असता; तरीही लष्कराने लांब रिसीव्हर मागितला, कारण पुढे अधिक शक्तिशाली काडतूस वापरण्याची वाट त्याला मोकळी ठेवायची होती. दोन दशकांनी अफगाणिस्तानच्या डोंगराळ भागात ८०० मीटरचा पल्ला अपुरा पडू लागला, तेव्हा हीच दूरदृष्टी कामी आली. जुन्या रायफलींचे रिसीव्हर ठेवून नळी, दस्ता, दुर्बीण व काडतूस बदलण्यात आले, आणि सुमारे १,२०० मीटर पल्ल्याची एक्सएम-२०१० तयार झाली. मुळापासून नवे शस्त्र शोधण्याची गरज पडली नाही.

आपल्याकडे अशी दृष्टी कधीच नव्हती, असे मात्र नाही. १९६२ च्या युद्धानंतर इछापूरच्या कारखान्याने ब्रिटिशकालीन ली-एनफिल्डचा आराखडा घेऊन, अधिक मजबूत पोलाद वापरून, ७.६२ मिमी नाटो काडतुसाची बोल्ट-अॅक्शन रायफल घडवली. पुढे दीर्घकाळ ती अनेक राज्यांच्या पोलिसांच्या खांद्यावर दिसत राहिली. तिरुचिरापल्लीच्या कारखान्यातील ‘विध्वंसक’ ही अवजड रायफल तर याच विचाराचे मूर्त रूप आहे. नळी, बोल्ट, मॅगझिन व दुर्बीण बदलून तीच रायफल १२.७, १४.५ किंवा २० मिमी काडतुसासाठी वापरता येते. दक्षिण आफ्रिकेच्या डेनेल कंपनीशी होऊ घातलेला व्यवहार बारगळल्यानंतर ती विकसित झाली आणि सीमा सुरक्षा दलाने घेतली. कौशल्य होते आणि कल्पनाही होती. उणीव राहिली ती या अनुभवाचे खरेदीच्या नियमात रूपांतर करण्याची.

आपली खरेदी-प्रक्रिया शस्त्राकडे तयार वस्तू म्हणून पाहते. गुणात्मक आवश्यकतांच्या यादीत वजन, पल्ला व अचूकता यांचे आकडे लिहिले जातात, चाचणी होते, आणि उत्तीर्ण झालेल्यांत सर्वांत कमी किमतीची निविदा जिंकते. नळी कोण बदलणार, कोणत्या कार्यशाळेत बदलणार, आरेखनांवर हक्क कोणाचा, दहा वर्षांनी काडतूस बदलले तर काय, हे प्रश्न त्या तुलनेत गौण ठरतात. याचा परिणाम शस्त्रागारात दिसतो. १९९० च्या सुमारास आलेल्या द्रागुनोव्हचे काडतूस मूळ १८९१ चे. बेरेटा व साकोसाठी.३३८ लापुआ मॅग्नम, बॅरेटसाठी.५० कॅलिबर. प्रत्येक काडतुसाबरोबर वेगळा साठा, वेगळे सुटे भाग आणि वेगळे प्रशिक्षण येते.

यावर लष्करी अधिकाऱ्यांचा आक्षेप रास्त आहे. समोरच्या टेकडीवर शत्रूचा नेमबाज बसलेला असताना जवानाला आदर्श धोरणाची वाट पाहायला सांगता येत नाही. शिवाय काही हजार रायफलींच्या मागणीवर स्वतंत्र उद्योग कसा उभा राहावा? पहिल्या मुद्द्याचे उत्तर असे, की तातडीची खरेदी जरूर व्हावी, पण ती मुख्य निवडीची जागा घेणारी नसावी. दुसऱ्याचे उत्तर असे, की मागणी लहान आहे म्हणूनच एक समान पाया हवा. लष्कर, निमलष्करी दले व राज्य पोलिसांची विशेष पथके यांची गरज एकाच रिसीव्हर-कुटुंबातून भागली, तर लहान मागण्यांची बेरीज उद्योगाला पुरेशी होऊ शकते.

ब्रिटनचा दाखला येथे उपयोगी आहे. १९७८ मध्ये स्थापन झालेल्या अॅक्युरसी इंटरनॅशनल या छोट्या कंपनीची रायफल ब्रिटिश लष्कराने १९८० च्या दशकात निवडली. कंपनीच्या संस्थापकांपैकी माल्कम कूपर हे १९८४ व १९८८ च्या ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर थ्री-पोझिशन प्रकारातील सुवर्णपदक विजेते. त्याच घराण्यातून पुढे स्वीडनच्या थंडीसाठी वेगळी आवृत्ती निघाली आणि .३३८ काडतुसाचीही निघाली. क्रीडांगणावर मिलिमीटरचा हिशेब ठेवणाऱ्या नेमबाजाचे ज्ञान थेट संरक्षण उत्पादनात उतरले.

आपल्याकडे या दोन जगांत भिंत आहे. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्निल कुसळे यांनी कूपर यांच्याच क्रीडाप्रकारात कांस्यपदक मिळवले. त्याआधी २०१० मध्ये कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत ५० मीटर प्रोन प्रकारात जगज्जेत्या ठरल्या होत्या. नळी, दस्ता, चाप आणि काडतुसाची तुकडी यांचा परस्पर मेळ घालण्याचे शास्त्र या खेळाडूंना व त्यांच्या प्रशिक्षकांना अंगवळणी पडलेले असते. ते उत्पादकांपर्यंत पोहोचवण्यासाठी शस्त्र परवान्यांचे नियम सैल करण्याची गरज नाही. अधिकृत क्रीडासंस्था, सरकारी कारखाने व परवानाधारक कंपन्या यांच्यात चाचणीची औपचारिक व्यवस्था पुरेशी आहे.

आता परिस्थितीही अनुकूल आहे. ऑगस्ट २०२० मध्ये आयातीवर निर्बंध घातलेल्या १०१ वस्तूंच्या पहिल्या यादीत ७.६२ मिमी स्नायपर रायफलीचा समावेश झाला. बंगळुरूच्या एसएसएस डिफेन्स या कंपनीने .३३८ काडतुसाची रायफल विकसित केली आणि २०२४ मध्ये तिच्या निर्यातीची वृत्ते आली. पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडियाकडे वरणगाव व खडकीसारख्या कारखान्यांचा काडतूस-निर्मितीचा दीर्घ अनुभव आहे. मात्र साधे काडतूस आणि अचूक नेमबाजीचे काडतूस यांत मोठा फरक असतो. दारूच्या वजनातील किंवा गोळीच्या घडणीतील किंचित तफावतही हजार मीटरवर नेम चुकवते.

म्हणून पुढच्या निविदेचा क्रम बदलावा. आधी काडतूस ठरावे आणि ते देशात अचूकतेच्या दर्जाने बनेल याची खात्री व्हावी. मग रिसीव्हर निवडावा, त्याच्या आरेखनांच्या वापराचा हक्क करारात लिहून घ्यावा आणि नळी बदलण्याचे काम लष्कराच्या स्वतःच्या कार्यशाळांत होईल अशी अट घालावी. किमतीची तुलना खरेदीच्या दिवशीच्या आकड्यावर न करता नळ्या, काडतुसे व प्रशिक्षण यांसह पूर्ण आयुष्यावर करावी. हा क्रम पाळला नाही, तर २०१८ ची निविदा जिथे अडली तिथेच पुढचीही अडेल, आणि सीमेवरचा जवान पुन्हा एकदा तातडीच्या आयातीची वाट पाहत बसेल.