सुनेचे केस आणि केशभूषाकार

पुण्याहून आमच्या एका वाचकभगिनीचें पत्र आलें आहे. त्यांचे चिरंजीव नोकरीनिमित्त अमेरिकेंत अटलांटा शहरीं असतात. सूनबाई तेथीलच एका आफ्रिकन-अमेरिकन घराण्यांतील. लहानपणापासून रसायन लावून सरळ केलेले केस आतां मूळच्या कुरळ्या वळणावर आणावयाचे, असा सूनबाईंचा निश्चय झाला असून त्याकरितां त्या दरमहा केशभूषाकाराकडे जातात. “केस वाढूं देण्यास पैसे कशाला मोजावयाचे? घरीं बसून ते वाढत नाहींत काय?” असा बाईंचा प्रश्न आहे. मंडळी दिवाळीस येऊन तीन महिने राहणार आहेत. तेव्हां त्यांस येथल्या पार्लरांत न्यावें कीं घरींच अभ्यंग घालावें, हा उपप्रश्नही पत्रांत आहे.

प्रश्न बायकी म्हणून कोणी हंसण्यावारी नेऊं नये. ज्या रसायनाविषयीं बोलावयाचें त्यास तिकडे रिलॅक्सर म्हणतात. नांव सौम्य, वस्तु जहाल. त्यांतील मुख्य द्रव्य पुष्कळदां कॉस्टिक सोडा, म्हणजे साबण करण्यास लागतो तोच दाहक क्षार, हें असतें. सुश्रुतानें क्षारपाकविधीस स्वतंत्र अध्याय दिला आहे, पण तो शस्त्रकर्माच्या जोडीचा उपाय म्हणून. धडधाकट माणसानें दर दोन महिन्यांनीं डोक्यावर क्षार चोपडावा, हें त्याच्या स्वप्नांतही आलें नसेल. केसाचें वळण धरून ठेवण्यास त्यांतील गंधकाचे बंध कारण होतात. क्षार ते बंध मोडून तेथें निराळेच बंध घालतो व ते पूर्ववत् होत नाहींत. सरळ झालेला केस म्हणून पुन्हां कुरळा होत नाहीं. मुळाशीं नवा उगवतो तोच काय तो कुरळा.

केस महिन्यास सुमारें अर्धा इंच वाढतो. खांद्यापर्यंतचे केस पालटावयास दोन-तीन वर्षें सहज लागतात. तेवढ्या अवधींत एकाच केसाचा मुळाकडचा भाग कुरळा व टोंकाकडचा सरळ असतो, आणि दोन्ही जेथें मिळतात तो सांधा अत्यंत नाजूक असतो. जरा ओढ बसली कीं केस तेथेंच तुटतो. मकरसंक्रमण एका दिवसांत आटोपतें. हें केशसंक्रमण वर्षानुवर्षें चालतें, आणि त्याचा तीळगूळही कोणी वांटीत नाहीं!

दुसरा मार्ग एकदांच सर्व सरळ भाग कापून टाकण्याचा. पुष्कळ स्त्रिया तो पत्करतात. आमच्या पत्रलेखिका लिहितात कीं, सूनबाईंच्याही मनांत तेंच होतें, परंतु घरांतील वडील मंडळींस “सवाष्णीनें केस उतरविणें” अशुभ वाटल्यामुळें त्यांनीं तो बेत सोडला. येथें आम्हांस थोडें कटु बोलणें प्राप्त आहे. बाईच्या डोक्यावर किती केस असावे हें ठरविण्याचा हक्क आमच्या ब्राह्मण घरांनीं एके काळीं ज्या रीतीनें बजावला, तो आठवला तर या विषयांत आम्हीं शक्य तितकें मौन धरावें हें बरें. विधवेचें केशवपन आम्ही धर्म म्हणून करवीत होतों. आणि १८९० सालीं मुंबईच्या नाभिक मंडळींनीं, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानें, हें काम यापुढें आम्ही करणार नाहीं असा ठराव केला, तेव्हां शहाणपण वस्तरा धरणाऱ्याच्या हातीं होतें, शास्त्र सांगणाऱ्याच्या मुखीं नव्हतें. सूनबाईंस कापावयाचे असतील तर त्यांनीं कापावे. त्यांचा मोठा खर्च व मोठा कालावधि दोन्ही वांचतील.

ज्यांस “मुळांत सरळ केलेच कशाला?” असें विचारावयाचें असेल त्यांनीं त्या समाजाचा इतिहास ध्यानांत घ्यावा. गुलामगिरी गेली तरी गोऱ्यांच्या कचेरींत व शाळेंत नीटनेटका केस म्हणजे सरळ केस, ही समजूत राहिली, आणि तिच्यावर पोट अवलंबून होतें. मॅडम सी. जे. वॉकर (१८६७–१९१९) या बाईंचे आईबाप गुलामगिरींत राहिलेले. त्यांनीं केसांचीं औषधें विकून मोठा उद्योग उभारला व हजारों स्त्रियांस तें काम शिकवून स्वतःच्या पायांवर उभें केलें. तेव्हां केशभूषाकाराचें दुकान हें त्या समाजांत चैनीचें स्थान नव्हे. आमच्याकडे विहिरीवर किंवा हळदीकुंकवास होत असे तसें मन मोकळें करण्याचें तें ठिकाण आहे. नैसर्गिक केसांमुळें कोणास नोकरींत वा शाळेंत अडवूं नये असा कायदा प्रथम कॅलिफोर्निया राज्यानें केला, तो २०१९ सालीं. असा कायदा लागला, यावरूनच काय तें समजावें.

प्रकृतीचाही प्रश्न आहे. अमेरिकेंतील ३३,४९७ स्त्रियांची सुमारें ११ वर्षें पाहणी करून २०२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत, वर्षांतून चारांहून अधिक वेळां केस सरळ करण्याचीं रसायनें वापरणाऱ्या स्त्रियांत गर्भाशयाच्या कर्करोगाचें प्रमाण न वापरणाऱ्यांच्या दुपटीहून अधिक आढळलें. संबंध आढळला म्हणजे कारण सिद्ध झालें असें नव्हे. परंतु सूनबाईंचा निश्चय केवळ हौसेचा नाहीं, एवढें यावरून दिसेल.

आतां मूळ प्रश्न. केशभूषाकाराकडे जावें काय? आमचें मत असें कीं, जावें. परंतु क्वचित्, आणि पारखून. सरळ भाग बेताबेतानें छाटीत जाणें हें काम स्वतःच्या हातानें नीट होत नाहीं. मागील बाजू आपणांस दिसत नाहीं, आणि कुरळा केस ओला असतां एक लांबी दाखवितो व वाळल्यावर दुसरीच. तसेंच, सांधा तुटूं लागला आहे कीं टाळूसच विकार जडला आहे, हें जाणत्या नजरेस लवकर कळतें. विकार असेल तर त्वचेच्या डॉक्टरांकडे जावें असें सांगण्याइतका प्रामाणिकपणा मात्र त्या जाणत्यांत पाहिजे. संक्रमणाच्या काळांत पुष्कळजणी बारीक वेण्या घालून घेतात किंवा परके केस जोडून घेतात. (तिरुमलेस भाविक जे केस अर्पण करतात त्यांचा लिलाव होऊन ते परदेशीं जातात व अशा कामीं लागतात. नवस कोठें फेडला आणि फळ कोणाच्या मस्तकीं!) या वेण्या घट्ट बसल्या तर कपाळाच्या कडेचे केस कायमचे जाऊं शकतात, म्हणून वेणी घालणारा हात हलका हवा.

परवाना असला म्हणजे हें कसब आलें असें मात्र नाहीं. सर्व प्रकारच्या केसांचें शिक्षण केशभूषेच्या विद्यार्थ्यांस सक्तीचें करणारा न्यू यॉर्क राज्याचा कायदा २०२३ सालचा आहे. त्यापूर्वीं शिकलेल्यांस काय शिकविलें असेल याचा तर्क करावा. उलट आयसिस ब्रँटली या वेणीच्या कलेंत निष्णात बाईंस डॅलस शहरीं १९९७ सालीं परवान्याअभावीं अटक झाली होती. पुढें २०१५ सालीं, वेण्या शिकविणाऱ्यांवर लादलेल्या तेथील अटी न्यायालयानें घटनाबाह्य ठरविल्या. पारख करण्याची खूण सोपी आहे. सांधा पाहून जो “मुळाशीं थोडें रसायन लावून एकसारखें करून देतों” किंवा “तापल्या चिमट्यानें दाबून देतों” म्हणेल, त्याच्या पायरीवर पुन्हां पाय ठेवूं नये.

धुणें, विंचरणें, ओलावा राखणें हें मात्र ज्याचें त्यानेंच शिकावें. लहानपणींच रसायन लागलेल्या स्त्रीस आपला केस मुळांत कसा आहे हेंच ठाऊक नसतें. ती ओळख दुसऱ्याकरवीं विकत घेतां येत नाहीं. चाळीस वर्षें पोरें शिकविलीं. दुसऱ्यानें गणित सोडवून दिलेली पाटी आम्हांस दुरून ओळखूं येत असे. दरमहा जाणें आम्हांस अंमळ अधिक वाटतें, दोन-तीन महिन्यांनीं पुरावें. पण तो हिशेब सूनबाईंचा आहे, सासूबाईंनीं खतावणी उघडूं नये.

पुण्याच्या मुक्कामाविषयीं एक गोष्ट निक्षून सांगतों. येथील पार्लरांत रिबाँडिंग वा स्मूदनिंग म्हणून जें करतात त्याचें द्रव्य बहुधा थायोग्लायकोलेट असतें. तें वर सांगितलेल्या क्षाराशीं जुळत नाहीं. क्षार लागलेल्या केसांवर तें पडलें तर केस तुटून हातांत येण्याचा संभव असतो. अगत्यानें, कौतुकानें, वा पाडव्याची भेट म्हणूनही हें करवूं नये. अभ्यंगास हरकत नाहीं. खोबरेल केसाच्या आंत शिरून त्याची झीज कमी करतें, हें मुंबईच्याच संशोधकांनीं २००३ सालीं दाखविलें आहे. मात्र तेल लावावयाचें तें बोटांनीं, हलकेंच. खसखसा चोळूं नये, आणि रोज न्हाऊं घालूं नये, कारण या जातीचा केस मुळांतच कोरडा असतो. घरांतील बारीक दातांची फणी दूर ठेवावी. रुंद दातांचा कंगवा घेऊन, केस ओले व कंडिशनर लावलेले असतां, टोंकापासून आरंभ करून मुळाकडे जावें. आणि तेंही सूनबाईंनीं आपण होऊन डोकें पुढें केलें तर.

सुती अभ्रा केसांतील ओलावा शोषतो व त्यांस घासतो, म्हणून तिकडे त्या गुळगुळीत सॅटिनच्या उशीवर निजतात. आजीबाईंचें एखादें जीर्ण रेशमी सोंवळें पेटींत पडून असेल तर त्याचे दोन अभ्रे दिवाळीपूर्वीं शिवून ठेवावे.