पॅन घेऊन धावणारं गाव

इंग्लंडमध्ये बकिंगहॅमशायर परगण्यात, ग्रेट ऊझ नदीच्या काठी ओल्नी नावाचं बाजारपेठेचं छोटं गाव आहे. ख्रिस्ती लोकांचा लेंटचा उपास सुरू होण्याच्या आदल्या मंगळवारी इथल्या बायका अ‍ॅप्रन बांधून, डोक्याला रुमाल गुंडाळून, हातात पॅन आणि त्यात पॅनकेक घेऊन बाजारचौकातून चर्चपर्यंत ४१५ यार्ड धावतात! पॅनकेक म्हणजे आपल्या धिरड्याचाच भाऊबंद. सांगतात ते असं, की १४४५ मध्ये एक गृहिणी उपासाआधी घरातली अंडी-लोणी संपवायला पॅनकेक करत होती. तेवढ्यात चर्चची घंटा वाजली आणि ती पॅनसकट धावत सुटली. मध्यंतरी बंद पडलेली ही शर्यत १९४८ मध्ये पुन्हा सुरू झाली. १९५० पासून अमेरिकेतल्या लिबरल गावच्या बायकाही आपल्या गावात धावून ओल्नीशी वेळेची चुरस करतात.

तशी ओल्नीत मोठी नावं कमी नाहीत. पूर्वी गुलामांच्या जहाजाचा कप्तान असलेला जॉन न्यूटन इथे धर्मगुरू होता. 'अमेझिंग ग्रेस' हे जगप्रसिद्ध भजन त्याचंच. त्याचा मित्र, कवी विल्यम कूपर इथेच राहायचा. मराठीचं व्याकरण १८०५ मध्ये छापणाऱ्या विल्यम कॅरीला धर्मोपदेशक म्हणून मान्यता मिळाली तीही ओल्नीच्याच बॅप्टिस्ट मंडळीकडून.

पण मैत्रिणींनो, त्या काळी गावातली कितीतरी घरं बायकांच्या बोटांवर चालत होती. मांडीवर उशी, तीवर टाचण्या आणि दोऱ्याची बॉबिनं घेऊन बायका लेस विणायच्या. पाच-सहा वर्षांच्या मुलींनाही लेसच्या शाळेत बसवायचे. रात्री एकाच मेणबत्तीपुढे पाण्याची काचेची कुपी ठेवायची आणि तिच्यातून पडणाऱ्या उजेडात अनेकींनी डोळे ताणायचे. १७८० मध्ये कूपरनं एका पत्रात लिहिलं, की गावात सुमारे १२०० लेसकामगार आहेत, आणि अखंड राबूनही त्यांचं पोट जेमतेम भरतं. येऊ घातलेल्या कायद्यानं त्यांचं कंबरडं मोडेल, म्हणून त्यानं वकील मित्राकडे शब्द टाकला होता. पुढे एकोणिसाव्या शतकात यंत्राची स्वस्त लेस आली आणि हातांचं काम गेलं.

ती लेस श्रीमंतांच्या बाह्यांवर मिरवली, विणणारी मात्र अर्धपोटी राहिली. कूपरच्या घरी आता संग्रहालय आहे आणि तिथे लेसही जपून ठेवली आहे, हे चांगलंच. पण कवीचं नाव दारावर आहे, लेस विणणारीचं कुठेच नाही. घरात बसून केलेलं काम ते काम नव्हेच, असं मानलं की असंच होतं.

गृहिणीच्या धावण्याचं कौतुक वर्षातून एकदा जरूर व्हावं. पण घरी बसून विणणारी, शिवणारी, लाटणारी बाई आपल्या शेजारीही असेल. तिला दाम रोख मिळतो का, आणि तिच्या कामावर तिचं नाव लागतं का, एवढं तरी आपण विचारायला हवं.