जिल्ह्याच्या आकड्यांत आमचा कारागीर कोठे आहे?

दुकानदाराला रोजमेळ आणि खतावणीचे महत्त्व सांगावे लागत नाही. दिवसभर गल्ला कितीही वाजला, तरी जी उधारी वहीत चढली नाही ती वसूल होत नाही, हे त्याला पक्के ठाऊक असते. सरकारचीही अशीच एक वही असते. कोण शिकला, कोणी शाळा सोडली, कोण कामावर आहे आणि कसल्या कामावर आहे, हे सारे तिच्यात लिहिले जाते. शाळा कोठे द्यायची, आयटीआयमध्ये कोणता ट्रेड उघडायचा, कोणत्या योजनेत कोणते शहर घ्यायचे, हे त्या वहीवरून ठरते. आमचे व्यापारी आणि कारागीर या वहीकडे ढुंकूनही पाहत नाहीत. त्याची किंमत आम्ही मोजली आहे आणि अजूनही मोजत आहोत.

आपल्या नाशिक जिल्ह्याचेच पाहा. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ६१ लाखांवर गेली. त्यात मुसलमान ११ टक्क्यांच्या आसपास. साक्षरता ८२.३ टक्के; पुरुष ८८, स्त्रिया ७६. २००१ मध्ये हाच आकडा ७४.४ होता. म्हणजे दहा वर्षांत चांगली मजल मारली आणि जिल्हा राज्याच्या सरासरीला जाऊन भिडला. आकडा पाहून कोणालाही वाटेल की नाशिकची काळजी करण्याचे कारण नाही.

पण वाचकहो, सरासरी ही फसवी चीज आहे. याच जिल्ह्यात सातपूर-अंबडची कारखानदारी आहे आणि याच जिल्ह्यात सुरगाणा-पेठचे डोंगरी आदिवासी पाडे आहेत. लासलगावची कांद्याची बाजारपेठ आहे, येवल्याची पैठणी आहे आणि मोसम नदीकाठचे यंत्रमागांचे मालेगावही आहे. या सर्वांची बेरीज करून पंधरा तालुक्यांनी भागले की जो आकडा हाती येतो, तो कोणाचाच नसतो.

सरासरीने केलेले नुकसान

हे नुसते बोलणे नव्हे. २००१ च्या जनगणनेवरून केंद्र सरकारने २००७ मध्ये देशातील ९० अल्पसंख्याकबहुल जिल्हे निवडले. शाळांच्या खोल्या, वसतिगृहे, आयटीआय, दवाखाने यांच्यासाठी या जिल्ह्यांना खास निधी द्यायचा, अशी ती बहुक्षेत्रीय विकासाची योजना होती. निवडीची मुख्य अट अशी की, जिल्ह्यात अल्पसंख्याकांचे प्रमाण निदान २५ टक्के असावे. महाराष्ट्रातून परभणी, हिंगोली, बुलढाणा आणि वाशिम हे जिल्हे त्यात आले. नाशिक आले नाही. का? जिल्ह्याचे प्रमाण त्या अटीत बसत नव्हते. ज्या मालेगाव शहरात २०११ मध्ये पावणेपाच लाखांवर वस्ती होती आणि पाचांतील जवळजवळ चार माणसे मुसलमान होती, ते शहर जिल्ह्याच्या सरासरीत बुडून गेले. ही उणीव पुढे सरकारच्याही ध्यानात आली. २०१३-१४ पासून जिल्ह्याऐवजी विकास गट आणि शहर हा घटक धरण्यात आला. पण मधली वर्षे गेली ती गेलीच. त्या काळात आठवीतून बाहेर पडलेला मुलगा आज तिशीकडे आला आहे.

‘काम’ म्हणजे काय?

आता रोजगाराच्या रकान्याकडे वळू. जनगणनेत वर्षातून सहा महिने किंवा त्याहून अधिक काम करणारा तो ‘मुख्य’ आणि त्याहून कमी करणारा तो ‘सीमांतिक’ कामगार. कामाचे मोठे वर्ग चार: शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योगातील कामगार आणि इतर. शहरात घरगुती उद्योग कोणता धरतात? जो राहत्या घराच्या आवारात चालतो आणि ज्यात बहुतेक हात घरच्याच माणसांचे असतात, तो. माग घराबाहेरच्या शेडमध्ये गेला, पगारी कारागीर आले, की तो कारागीर ‘इतर’ या वर्गात जातो. त्या वर्गात मास्तर आहे, बँकेचा मॅनेजर आहे, हमाल आहे आणि आमचा मागवालाही आहे. मुख्य तक्ता पाहणाऱ्याला हे सगळे एकच दिसतात.

२००१ च्या जनगणनेत देशातील सर्व कामगारांपैकी ४.२ टक्के घरगुती उद्योगात होते. मुसलमान कामगारांत हेच प्रमाण ८.१ टक्के होते. सच्चर समितीनेही २००६ च्या अहवालात दाखवून दिले की, मुसलमानांत नोकरीपेक्षा स्वतःचा धंदा करणारे जास्त. म्हणजे आम्ही हाताच्या कसबावर जगणारे लोक आहोत, हे सरकारी वहीनेच मान्य केले आहे.

मग एक मोठे कोडे उरते. २०११ मध्ये देशात शंभरातील सुमारे ४० माणसे कामकरी म्हणून मोजली गेली. मुसलमानांत ३३ देखील नाहीत. स्त्रियांत तर देशाचे प्रमाण २५.५ टक्के असताना मुसलमान स्त्रियांचे १४.८ टक्केच. शिक्षणाची वानवा आहे, घराबाहेर कामाची सोय नाही, ही कारणे खरी आहेत. पण मोहल्ल्यात फिरणाऱ्याला हा आकडा पुरता पटत नाही. कांड्या भरणारी, साडीला फॉल-पिको करणारी, बटण-काज करणारी, विड्या वळणारी आमची बहीण सकाळपासून रात्रीपर्यंत बसलेली दिसते. प्रगणक दारात आला की घरातील पुरुष उत्तर देतो, ‘ती काही करीत नाही, घरीच असते.’ झाले! एक कामकरी हात वहीतून पुसला गेला. जनगणनेच्या नियमाप्रमाणे घरच्या धंद्यात विनामोबदला केलेली मदतदेखील काम म्हणूनच धरली जाते, हे किती जणांना ठाऊक आहे? वहीत ती ‘गृहिणी’ असेल, तर तिच्यासाठी प्रशिक्षणाचे केंद्र मागायचे कोणत्या तोंडाने?

साक्षर, पण शिकलेला नाही

शिक्षणाच्या आकड्यातही अशीच एक मेख आहे. सात वर्षांवरील जो कोणी कोणत्याही भाषेत समजून वाचू-लिहू शकतो, तो साक्षर. उर्दूत लिहिणाराही साक्षर आणि हे योग्यच आहे. पण पाचवीतून शाळा सोडून मागावर गेलेला पोरगा आणि पदवीधर वकील, दोघेही या रकान्यात सारखेच. साक्षरता वाढली म्हणून आम्ही खूश होतो; मात्र सच्चर समितीने मोजले तेव्हा वीस वर्षांवरील मुसलमानांत पदवी किंवा पदविका घेतलेले चार टक्क्यांहून कमी होते, तर एकूण लोकसंख्येत सुमारे सात टक्के. गळती होते ती मधल्या पायऱ्यांवर.

आमच्या पाहण्यात मालेगावात, तसेच नाशिकच्या जुन्या वस्तीत, एक गोष्ट वारंवार येते. मुली शाळेत टिकतात, मुलगे सुटतात. मुलगा चौदाचा झाला की घराला त्याच्या हप्त्याची आठवण होते. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला शिक्षण हक्काचा कायदाही चौदा वर्षांपर्यंतच हात धरतो. त्यापुढे कायदा नाही, घराला सवड नाही आणि कारखानदाराला स्वस्त हात हवा आहे. येथे आम्ही कारखानदार आणि दुकानदार मंडळींनी स्वतःकडेही पाहावे. ‘गरिबाच्या पोराला काम दिले’ असे आम्ही समाधानाने म्हणतो. पण दहावीच्या आधी दिलेले काम बहुधा त्याची पुढची वाट बंद करते. आयटीआयच्या बहुतेक ट्रेडना दहावी लागते. सातपूरच्या कारखान्याच्या फाटकावर प्रमाणपत्र विचारतात. वीस वर्षे माग दुरुस्त करणारा आमचा जॉबर हाताने कोणत्याही फिटरच्या तोडीचा असेल, पण वहीत तो अकुशल राहतो.

भीती कशाची?

पुष्कळ जण म्हणतील, सरकारला खरी माहिती दिली तर कर लागेल, नाही तर आणखी काही कागद मागतील. जनगणनेपुरते तरी हे भय निराधार आहे. १९४८ च्या जनगणना कायद्याच्या कलम १५ प्रमाणे एका घराची माहिती गुप्त राहते. ती कोणाला पाहता येत नाही आणि पुरावा म्हणूनही चालत नाही. उलट, भीतीपोटी अर्धवट माहिती देणाऱ्याचे नुकसान त्याचे एकट्याचे नसते, ते सगळ्या मोहल्ल्याचे असते.

२०२१ ची जनगणना झालीच नाही. त्यामुळे २०११ चेच जुने आकडे वर्षानुवर्षे वापरले गेले. १६ जून २०२५ च्या अधिसूचनेने नव्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख ठरवली आणि या वेळी जातींचीही नोंद करण्याचे जाहीर झाले. आमच्यातील कारागीर बिरादऱ्यांसाठी हे फार महत्त्वाचे आहे. आपली बिरादरी कोणती आणि आपला पेशा कोणता, हे ज्याला एका वाक्यात सांगता येत नाही, तो ‘इतर’मध्येच जाणार.

करण्यासारख्या गोष्टी अवघड नाहीत. पहिली, घरातील प्रत्येक कामकरी हात, विशेषतः स्त्रियांचा, काम म्हणूनच सांगावा आणि ‘मजुरी’ एवढेच न म्हणता कामाचे नेमके नाव सांगावे. दुसरी, लहान धंद्यांनी उद्यम नोंदणी आणि असंघटित कामगारांनी ई-श्रम नोंदणी करून घ्यावी. दोन्ही मोफत आहेत, त्यासाठी दलालाला पैसे देऊ नयेत. तिसरी, मोहल्ल्यातील जबाबदार मंडळींनी शाळांच्या मुख्याध्यापकांकडे बसून दरवर्षी एक यादी करावी: आठवीनंतर किती मुले आली नाहीत आणि ती कोठे गेली. चौथी, ज्यांची शाळा सुटली त्यांच्यासाठी मुक्त शाळेची दहावी आहे आणि पुढे नाशिकमध्येच १९८९ साली स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. कारखानदाराने परीक्षेच्या दिवसांत पगारी रजा दिली, तर त्याचे फारसे काही जाणार नाही.

आणि शेवटची गोष्ट. राज्याचे अर्थ व सांख्यिकी संचालनालय प्रत्येक जिल्ह्याचे सामाजिक व आर्थिक समालोचन काढते. व्यापारी मंडळाच्या पुढच्या बैठकीत नाशिक जिल्ह्याचे समालोचन मेजावर ठेवावे आणि आपला तालुका, आपला धंदा त्यात कोठे आहे ते शोधावे. स्वतःची यादी शेजारी ठेवावी. दोन्हींत फरक दिसला तर तो लेखी मांडावा. हिशेब जुळत नसेल तर व्यापारी गप्प बसत नाही. येथेही त्याने गप्प बसू नये.